अंगाने मोठा, खेळाने किती?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): «कोल्हापुरात नव्याने सुरू झालेल्या एका क्लबच्या फुटबॉल अकादमीत मी प्रशिक्षक आहे. तेरा वर्षांखालील गटासाठी आलेल्या ४० मुलांमधून निवासी तुकडीसाठी १८ जणांची निवड महिनाअखेरीस करायची आहे. व्यवस्थापनाने १०० गुणांचा तक्ता मागितला आहे. माझे घोडे दोन मुलांपाशी अडले आहे. पहिला आघाडीला खेळतो. त्याची उंची १६० सेंटीमीटर, ओठावर लव आलेली, आणि सराव सामन्यांतले निम्मे गोल त्याचेच. दुसरा मध्यफळीत खेळतो, उंची १४३. धक्का लागला की पडतो, पण चेंडू त्याच्या पायाशी चिकटल्यासारखा राहतो. सहकारी म्हणतात, पहिल्याला डोळे झाकून घ्या आणि दुसऱ्याला पुढच्या वर्षी बोलवा. मुलातली क्षमता ओळखायची तरी कशी? सोबत १८ जणांची कच्ची यादी, जन्मतारखा, यादीबाहेरच्या मुलांवरचे माझे शेरे आणि या दोघांच्या आईवडिलांच्या उंचीची नोंद जोडली आहे.» (एक प्रशिक्षक, कोल्हापूर)

प्रिय प्रशिक्षक मित्रास,

सप्रेम नमस्कार. आईवडिलांची उंची विचारून ठेवण्याचे तुम्हाला सुचले, यावरूनच अर्धे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे असे मला वाटते. तरीही मी त्या दोघांकडे शेवटी येईन, कारण पत्र उघडल्यावर मी प्रथम वाचल्या त्या तुमच्या यादीतल्या जन्मतारखा. तुम्ही निवडलेल्या १८ जणांपैकी ९ जण जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत जन्मलेले आहेत आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधला फक्त एक आहे. फुटबॉलची देणगी काही हिवाळा सरता सरता जन्मलेल्यांनाच मिळत नाही. मग हे घडले कसे?

रॉजर बार्न्सली नावाच्या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाच्या पत्नीने एका आइस हॉकी सामन्याला गेली असताना माहितीपत्रकातील खेळाडूंच्या जन्मतारखा सहज वाचल्या, आणि त्यांतले बहुतेक वर्षाच्या पहिल्या महिन्यांतले आहेत हे तिच्या ध्यानात आले. त्यावरून १९८० च्या दशकात जो अभ्यास झाला, तो पुढे फुटबॉललाही तंतोतंत लागू पडला. वयोगटाची रेषा १ जानेवारीला असेल, तर २ जानेवारीला जन्मलेला मुलगा आणि ३० डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. बाराव्या वर्षी ते जवळजवळ एका वर्षाचे अंतर म्हणजे आयुष्याचा बारावा हिस्सा होतो. मोठा मुलगा थोडा उंच, थोडा जोरकस असतो, म्हणून तो निवडला जातो, निवडला गेला म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात, आणि तीन वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो. इंग्लंडमध्ये गटाची रेषा सप्टेंबरला आहे, त्यामुळे तिथल्या अकादम्यांत सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्यांची गर्दी असते. म्हणजे रेषा जिथे आखावी तिथे गुणवत्ता उगवते, असा हा चमत्कार आहे.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. आपल्या वडिलांच्या पिढीत अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला असे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी सोयीची तारीख लिहून मोकळे होत. ती पद्धत आता मागे पडली असली, तरी वय चोरण्याची विद्या काही लोप पावलेली नाही. कागद तपासा, पण कागदापाशीच थांबू नका. ज्याचा दाखला सोळा आणे खरा आहे, अशा मुलाचे शरीरही त्याच्या वयाच्या पुढे किंवा मागे असू शकते, आणि तुमच्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

मुलांची उंची सर्वात झपाट्याने वाढते ती सरासरीने साडेतेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास, आणि त्या वर्षात ती आठ-दहा सेंटीमीटर वाढू शकते. पण ही लाट कुणाला बाराव्या वर्षी गाठते, तर कुणाला पंधरा उलटल्यावर. तुमच्या दोन मुलांचे गणित कागदावर मांडून पाहू. मुलाची प्रौढपणीची उंची ढोबळपणे काढायची, तर आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून त्यात १३ मिळवतात आणि निम्मे करतात. पहिल्या मुलाचे वडील १७० आणि आई १५८ सेंटीमीटर, म्हणजे अंदाज १७०.५ चा येतो. तो आजच १६० आहे, म्हणजे त्याने आपल्या उंचीचा जवळजवळ ९४ टक्के भाग गाठला आहे. दुसऱ्याचे वडील १७४ आणि आई १५९, म्हणजे अंदाज १७३. तो आज १४३ आहे, म्हणजे ८३ टक्क्यांच्याही किंचित आत. दोघे एकाच वर्गात शिकत असले, तरी शरीराच्या घड्याळाने त्यांच्यात सुमारे तीन वर्षांचे अंतर आहे. आणि गणित खरे ठरले, तर तुम्ही ज्याला लहानखुरा म्हणता तोच उद्या दोघांत उंच असेल.

हा अंदाज सात-आठ सेंटीमीटरनी इकडेतिकडे होऊ शकतो, हे विसरू नका. याहून बारीक हिशेबाची खॅमिस-रॉश पद्धत आहे. तिच्यात मुलाचे वय, उंची, वजन आणि आईवडिलांची उंची एवढेच लागते, पण तिची कोष्टके अमेरिकेतील गोऱ्या मुलांच्या मोजमापांवरून तयार झालेली आहेत, तेव्हा तिलाही वेदवाक्य मानू नये. मनगटाच्या हाडांवरून वय काढण्याच्या चाचण्या तुम्हाला माहीत असतीलच. फिफा ही जागतिक फुटबॉल संघटना २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी करते, आणि आपल्याकडे क्ष-किरण चित्रावरून टीडब्ल्यू-३ पद्धतीने हाडांचे वय काढले जाते. त्या चाचण्या वय चोरणाऱ्याला पकडण्यासाठी आल्या, पण त्या जे मोजतात ते हाडांची परिपक्वता असते, जन्मतारीख नव्हे. तुमच्या पहिल्या मुलासारखा लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगा अशा चाचणीत विनाकारण संशयाच्या भोवऱ्यात सापडू शकतो, म्हणून त्याच्या पालकांशी बोलताना जीभ सांभाळा.

आता माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवासी अकादमीत मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांची निवड करीत असे. त्या वर्षी एक मुलगा असा आला की चेंडू त्याच्या पुढे मोकळ्या जागेत टाकला, की बाकीचे दहाजण टाळ्या वाजवायला मोकळे. आम्ही त्याला घेतले, यात चूक नव्हती. चूक पुढे झाली. सलग तीन हंगाम आम्ही त्याच्या धावण्यावर सामने जिंकले आणि त्या तीन हंगामांत मी त्याला डाव्या पायाने चेंडू थांबवायला शिकवले नाही, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू कसा राखायचा ते दाखवले नाही, कारण त्याला त्याची गरजच पडत नव्हती. सोळाव्या वर्षी बाकीची मुले वाढली आणि धावण्यात त्याच्या बरोबरीला आली. त्या हंगामातला एक सामना मला अजून दिसतो. त्याने नेहमीसारखा चेंडू पुढे ढकलला आणि तो धावला, पण बचावपटू त्याच्या खांद्याला खांदा लावून तितकाच धावत होता. मुलगा थांबला, चेंडू पायाखाली घेतला आणि पुढे काय करायचे हे त्याला उमजेना, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले. पुढच्या वर्षी त्याने खेळ सोडला. लहान मुलांवर निवडीत अन्याय होतो हे सगळेच बोलतात. लवकर वाढलेल्या मुलावर निवड झाल्यानंतर जो अन्याय होतो, त्याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

त्या अनुभवानंतर मी निवडीपुरता एकच प्रश्न धरून बसलो आहे: हा मुलगा आज जे करतो, त्यातले किती त्याच्या अंगामुळे जमते आणि अंग बाजूला केले तर काय उरते? हे पाहण्यासाठी शंकूंच्या रांगेतून चेंडू नेण्याच्या कसरतींचा उपयोग जवळजवळ नाही. तिथे समोर कोणी नसतो, म्हणून ठरवायचेही काही नसते. मोठ्या मैदानावरचा अकराजणांचा सामनाही या वयात बलदंड मुलांचाच असतो. तीस बाय वीस मीटरची चौकट आखा, चारास चार खेळवा आणि काही वेळ दोन स्पर्शांत चेंडू पुढे देण्याची अट घाला. मग एका मुलावर नजर ठेवा आणि दहा मिनिटे चेंडूकडे अजिबात पाहू नका. हे अवघड आहे, माझीही नजर चेंडूकडे ओढली जाते, पण सवयीने जमते.

चेंडू येण्याआधी तो मान वळवून मागे पाहतो का, हे मी सर्वात आधी टिपतो. नॉर्वेतील अभ्यासक गाइर योर्डेट यांनी इंग्लंडमधील मध्यफळीच्या खेळाडूंची अशी नजर मोजली, तेव्हा चेंडू मिळण्याआधी वारंवार आजूबाजूला पाहणाऱ्यांचे पास अधिक अचूक आढळले. तेराव्या वर्षी ही सवय दिसली, तर ती उंचीच्या आधाराने आलेली नसते. त्यानंतर चेंडू गमावल्यावरचे दोन-तीन क्षण पाहा. कोणी हात वर करून पंचाकडे पाहतो, कोणी सोबत्याला बोल लावतो, कोणी त्याच पावली उलटा फिरतो. आणि तिसरी गोष्ट एका दिवसात कळत नाही: आज सांगितलेली एखादी लहानशी बाब, समजा चेंडू घेताना अंग तिरके ठेवण्याची, पुढच्या आठवड्यात न सांगता त्याच्या खेळात येते का? मला एकच निकष ठेवायला सांगितला, तर मी हाच ठेवीन. एका रविवारच्या निवड चाचणीत तो मोजताच येत नाही, आणि म्हणूनच एका रविवारच्या निवड चाचणीवर माझा विश्वास नाही.

त्या रविवारबद्दलच आणखी थोडे. तुमच्या यादीबाहेर राहिलेल्यांत गडहिंग्लजचा एक मुलगा आहे, ज्याच्या नावापुढे तुम्ही «दम कमी, बोलत नाही» असा शेरा लिहिला आहे. गडहिंग्लजला फुटबॉलची परंपरा कोल्हापूरइतकी गाजावाजाची नसली तरी पक्की आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो मुलगा पहाटेच्या एसटीने दीड-दोन तास हिंदकळत आला असेल, स्टँडवर एखादा वडापाव खाल्ला असेल आणि साडेआठला तुमच्या शिट्टीसमोर उभा राहिला असेल. त्याच्या शेजारी वडिलांनी गाडीतून मैदानाच्या दारात सोडलेला, दूध-केळी खाऊन आलेला मुलगा होता. «दम» या रकान्यात तुम्ही न्याहारीला गुण दिले असण्याची शक्यता बरीच आहे. शक्य असेल तर त्याला एकदा मुक्कामी बोलावून दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. «बोलत नाही» याचे तर मला मुळीच काही वाटत नाही. शहरातल्या, पेठेतल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या मुलांत नवखा मुलगा गप्पच असतो. तो चेंडू मागतो का, ते हाताच्या खुणेवरून पाहा.

पेठेचा विषय निघाला म्हणून सांगतो. शाहू स्टेडियमवर ज्या गावाने फुटबॉल वाढवला, तिथे फुटबॉल संघ चालवणाऱ्या पेठापेठांतल्या तालमींचा अभिमान अकादमीच्या दारात चपला काढून आत येईल अशी अपेक्षा मी करीत नाही. कार्यकारिणीतला एखादा सदस्य आपल्या पेठेच्या पोराची शिफारस करणारच. त्याच्याशी वाद घालू नका. त्या पोरालाही चारास चारमध्ये उतरवा आणि नोंद दाखवा.

गुणतक्त्याबाबत तुमच्या मनात जी नाराजी आहे ती मला पत्रात जाणवली, पण व्यवस्थापनाचे तितकेसे चुकत नाही. नोंद नसली की शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे मत चालते. नेदरलँड्सच्या आयॅक्स क्लबने तंत्र, खेळाची जाण, व्यक्तिमत्त्व आणि वेग अशा चार मोजपट्ट्या वर्षानुवर्षे वापरल्या, आणि तशी मांडणी तुम्हीही करू शकता. माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. प्रत्येक प्रशिक्षकाने आपले गुण वेगळे आणि चर्चेच्या आधी लिहावेत, कारण ज्येष्ठाने एकदा तोंड उघडले की बाकीच्यांचे आकडे त्याच्याकडे सरकतात. आणि तक्त्यावर आजच्या खेळाच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना असावा, ज्यात सहा आठवड्यांपूर्वीच्या नोंदीपासून काय बदलले ते शब्दांत लिहावे. त्या दुसऱ्या रकान्याला गुण नकोत, कारण गुण दिले की त्यांची बेरीज होते आणि बेरीज झाली की शब्द कोणी वाचत नाही. तक्त्याच्या डोक्यावर जन्ममहिना आणि गाठलेल्या उंचीची टक्केवारी असू द्या, म्हणजे गुण देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती आपोआप राहील. गोलरक्षकांना मात्र या तक्त्यात कोंबू नका. त्यांच्यापुरते आईवडिलांच्या उंचीला आजच्या उंचीहून जास्त महत्त्व द्या आणि बाकी निर्णय गोलरक्षकांच्या प्रशिक्षकावर सोडा.

यादी लागली की नाकारलेल्या मुलांचे पालक तुम्हाला पुढे नामवंत झालेल्या खेळाडूंची, आधी इंग्लंडच्या हॅरी केनचे, नावे ऐकवतील. आर्सेनलने त्याला लहानपणीच घरी पाठवले होते, शेफील्ड वेन्सडेने जेमी व्हार्डीला सोडले होते, आणि ग्रीझमनला अंगकाठीमुळे फ्रान्समधल्या क्लबांनी नाकारल्यावर स्पेनमध्ये रिआल सोसिएदादने घेतले. ही सगळी उदाहरणे खरी आहेत. पण त्यांवरून निवड करणारे चुकतात एवढेच सिद्ध होते, नाकारलेला प्रत्येक लहानखुरा मुलगा ग्रीझमन होईल असे नव्हे. लहान असणे हा गुण नाही. लहान असूनही तो बरोबरीने खेळत असेल, तर काहीतरी गुण असल्याशिवाय ते जमणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. लहानखुऱ्याच्या कौतुकात वाहून जाऊन जो अंगानेही लहान आहे आणि खेळानेही बेताचा आहे, अशालाही मोठ्या आशेने ठेवून घेणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. त्यात त्या मुलाची पाच वर्षे जातात.

आता जागांकडे वळू. १८ जागा महिनाअखेरीस भरल्याच पाहिजेत, असे व्यवस्थापनाने म्हटले आहे. तुम्ही त्यांना १४ नावे द्या आणि उरलेल्या चार जागांसाठी सहा महिने मागून घ्या. त्या चार जागांच्या आशेवर दहा-बारा मुलांना दर रविवारी सरावाला बोलवा आणि त्यांच्याकडून शुल्क घेऊ नका. बेल्जियमच्या राष्ट्रीय संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे संघ चालवले ते याच विचाराने, की निर्णय पुढे ढकलणे हाही निर्णयच असतो. व्यवस्थापन खर्चाचे कारण सांगेल. एका चुकीच्या मुलाचा वसतिगृहातला पाच वर्षांचा खर्च काढून दाखवा, म्हणजे ते बोलणे लवकर संपेल.

तुमच्या त्या दोन मुलांपैकी कोणाला घ्यावे, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की दोघांनाही १४ मध्ये घ्या, पण दोघांना सारखे खेळवू नका. इंग्लंडमधील प्रीमियर लीगने २०१५ च्या सुमारास मुलांचे गट जन्मवर्षाऐवजी गाठलेल्या उंचीच्या टक्केवारीनुसार पाडून सामने खेळवून पाहिले. लवकर वाढलेल्या मुलांना तिथे अंगाचा फायदा मिळेना, त्यामुळे त्यांना पास आणि हालचालीचा आधार घ्यावा लागला, आणि उशिरा वाढणाऱ्यांना प्रथमच सामन्यावर हुकूमत गाजवता आली. तुमच्याकडे तेवढी मुले नाहीत, पण शनिवारी पहिल्याला पंधरा वर्षांखालील तुकडीत उतरवता येईल. तिथे तो गोल करणार नाही, चिडेल, कदाचित रडेलही. त्या दिवशी तो काय शिकू पाहतो, ते तुमच्या दुसऱ्या रकान्यात लिहा. दुसऱ्याला महिन्यातून एकदा बारा वर्षांखालील मुलांत खेळवा आणि संघनायकाची पट्टी त्याच्या दंडाला बांधा. बाकीचे दिवस दोघांनीही आपल्याच वयाच्या मुलांत राहावे, कारण शाळा आणि मैत्री तिथेच आहे.

दर तीन महिन्यांनी उंची मोजा, सकाळी, अनवाणी, एकाच माणसाच्या हाताने, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटीमीटरभर खचतो. बसलेली उंचीही लिहून ठेवा. एखाद्या तिमाहीत मुलगा एकदम तीन सेंटीमीटर वाढलेला दिसला, तर पुढचे काही महिने त्याचे पाय त्याचेच ऐकणार नाहीत, टाचेत किंवा गुडघ्याखालच्या उंचवट्यात दुखेल, नेहमीचा पास दोन हात लांब जाईल. त्या काळात त्याच्या धावण्याचा आणि उड्यांचा भार कमी करा आणि गुणतक्त्यात त्याचे नाव कोरे ठेवा. तुमच्या पहिल्या मुलाची ही अवस्था बहुधा येऊन गेली आहे किंवा आत्ता चालू आहे. दुसऱ्याची अजून यायची आहे, आणि ती आली की तुमचे तेच सहकारी म्हणतील की पोराचा खेळ बिघडला.

यादी मात्र फाटकावर चिकटवू नका आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकू नका. ज्या मुलांना घेता आले नाही, त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी प्रत्येकी दहा मिनिटे समोर बसून बोला, मुलाने काय चांगले केले आणि कोणती एक गोष्ट पुढच्या वर्षापर्यंत सुधारायची, ते कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. गडहिंग्लजच्या मुलासाठी परतीच्या एसटीची वेळ आधी विचारून घ्या.

आपला,
सदरलेखक